चार्जिंगच्या वायरीतून काय काय वाहतं?

होस्टेलच्या रूममध्ये पॉइंट एक आणि मोबाइल चार, हे गणित आपल्या सगळ्यांचं पाठ आहे. मग कोणाचा तरी लॅपटॉप चालू दिसला की त्याला केबल लावायची आणि मेसला पळायचं. त्यात आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लाइट जाणं काही नवीन नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूडकडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी मिळेल तिथे फोन लावावा लागतो. पण आपण तो नक्की कशाला लावतोय, हे माहीत हवं.

साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. एक ५ व्होल्टची, एक ग्राउंड आणि उरलेल्या दोन डेटाच्या. भिंतीवरचा साधा चार्जर डेटाच्या तारांवरून फार तर ‘मी चार्जर आहे’ एवढंच सांगतो. लॅपटॉप मात्र ‘होस्ट’ असतो. फोन जोडल्याबरोबर तो ‘तू कोण?’ असं विचारतो आणि बोलणं सुरू होतं. म्हणजे वीज घेण्यासाठी उघडलेल्या दारातून डेटाही ये-जा करू शकतो.

२०११ साली लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत काही जणांनी मुद्दाम एक फुकट चार्जिंगचा स्टँड ठेवला. सुरक्षेतल्या जाणकारांनीसुद्धा त्याला बिनधास्त फोन लावले! त्याच वर्षी या प्रकाराला ‘ज्यूस जॅकिंग’ हे नाव पडलं. रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या फसवणुकीवरच्या पुस्तिकेत त्याची नोंद घेतली आहे.

मात्र घाबरून जायचं कारण नाही. २०१३ पासून आयफोन ‘ट्रस्ट?’ असं विचारतो. अँड्रॉइड ६ पासून फोन आपणहून फक्त चार्जिंगवरच राहतो. सार्वजनिक चार्जिंगमधून लूट झाल्याचे सिद्ध झालेले प्रकारही फारसे नाहीत. तरी २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की बनावट चार्जर ही परवानगी स्वतःच ‘दाबू’ शकतो. म्हणून फोन अपडेट ठेवणं महत्त्वाचं.

आपला खरा धोका वेगळाच आहे. मिनी प्रोजेक्टसाठी आपण यूएसबी डिबगिंग चालू करतो आणि मग विसरतो. त्यात घाईघाईत ‘ऑलवेज अलाऊ’ला टिक केली, की तो लॅपटॉप पुढच्या वेळी विचारत बसत नाही. त्यावरून फाइल कॉपी करता येतात, अॅपसुद्धा टाकता येतं. ज्या फोनमध्ये यूपीआय आणि घरून आलेले फीचे पैसे आहेत, त्याच्या बाबतीत हे परवडणारं नाही. उलट बाजूही आहे. फोनमधली व्हायरसवाली फाइल मित्राच्या लॅपटॉपमध्ये जाऊ शकते.

मग करायचं काय?

१. स्वतःचा चार्जर किंवा पॉवर बँक वापरा. यूएसबी २.० पोर्ट तसाही ठरावाप्रमाणे ५०० मिलिअँपिअरच देतो, म्हणजे जेमतेम अडीच वॅट.

२. दुसऱ्याचा लॅपटॉप वापरावाच लागला तर फोन लॉक ठेवा. काही विचारलं तर ‘नाही’ म्हणा.

३. काम झालं की डिबगिंग बंद करा आणि आधी दिलेल्या परवानग्या ‘रिव्होक’ करा.

४. डेटाच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबल मिळते. ती जवळ ठेवा.

मित्रावर विश्वास जरूर ठेवा. पण त्याच्या लॅपटॉपमध्ये काय काय शिरलंय, हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं!