ग्राफिंग कॅल्क्युलेटर बिघडला, तर खर्च किती?

मुंबईच्या उपनगरांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर घरात येतो तो साधारण तीन वाटांनी. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या, म्हणजे आयबीच्या, शाळेत जाणाऱ्या मुलामुलीसाठी नवा घेतलेला असतो, अमेरिकेतल्या आतेभावाने त्याचं हायस्कूल संपल्यावर बॅगेतून आणून दिलेला असतो, नाहीतर कोणा हौशी माणसाने जुन्या सामानातून निवडून घेतलेला असतो. अमेरिकेतून येणारी यंत्रं आता वाढतील, कारण तिथल्या सॅट परीक्षेत संगणकाच्या पडद्यावरच डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर मिळतो आणि घराघरांतले टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८४ रिकामे पडले आहेत. घरं वेगळी असली तरी अडचण सगळ्यांची एकच. यंत्र बंद पडलं की अंधेरी असो की मुलुंड, स्टेशनबाहेरचा मोबाइलवाला ते उलटसुलट करून बघतो आणि ‘याचे पार्ट येत नाहीत’ म्हणून परत देतो. पंधरा हजारांची वस्तू माळ्यावर जाते.

ती तिथे जाऊ नये, म्हणून हा लेख. या यंत्रांचे बहुतेक बिघाड बॅटरी, स्प्रिंग, बटणाखालचं रबर आणि पडद्याची पट्टी या चार जागांपैकी एका ठिकाणी असतात, आणि त्यातले बरेचसे दोनशे रुपयांच्या आत सुटतात. पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. दुकानागणिक त्यांत फरक पडेल, पण कुठे पन्नास लागतात आणि कुठे पाच हजार, एवढं त्यांवरून नक्की कळेल.

आधी हे यंत्र खरंच लागतं का, ते पाहा. बारावीच्या बोर्डाला आणि जेईईला कॅल्क्युलेटर चालत नाही. गेट परीक्षेत तो पडद्यावर मिळतो. इंजिनिअरिंगच्या लेखी परीक्षेत सहसा प्रोग्रॅम न करता येणाराच चालतो, म्हणून सोमय्यापासून भवन्सच्या सरदार पटेल कॉलेजपर्यंत कॅसिओचा एफएक्स-९९१ हाच सगळ्यांच्या हातात दिसतो. तो हजार ते दोन हजारांत येतो. ग्राफिंग यंत्राची सक्ती होते ती मुख्यतः आयबी डिप्लोमात. तिथल्या ‘ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस’ विषयाचा पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो, पण दुसऱ्याला ग्राफिंग यंत्र लागतं. ‘ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन’ला तर सगळ्याच पेपरांना लागतं. घरात आयबीचं मूल नसेल, तर हे यंत्र निव्वळ हौसेचं आहे, आणि ती हौस जुन्या यंत्रावर उत्तम भागते.

नवं घ्यायचंच असेल तर कॅसिओचा कृष्णधवल पडद्याचा एफएक्स-९७५० जी-थ्री सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान, रंगीत सीजी-५० बारा ते सोळा हजारांत आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस सीई पंधरा ते वीस हजारांत धरून चाला. शाळेने ठरावीक मॉडेल सांगितलं नसेल, तर माझा कौल पहिल्याला आहे. तो साध्या ट्रिपल-ए सेलवर चालतो आणि आत मायक्रोपायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. केबल लावली की तो संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. परदेशातून कुरिअरने मागवू नका. कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा वेगळा आकार मिळून स्वस्तातला सौदा महाग पडतो. नातेवाईक येणार असतील तर त्यांच्या सामानातून आणवा.

आता बिघाडाकडे वळू. ‘चालूच होत नाही’ अशा तक्रारीत पडदा फक्त फिका झालेला असण्याची शक्यता बरीच असते. टीआयवर ‘सेकंड’ दाबून वरचा बाण दाबत राहा, कॅसिओत सिस्टिम मेनूतून कॉन्ट्रास्ट वाढवा. याला पैसा लागत नाही. त्यानंतर बॅटरी. टीआय-८४ प्लस आणि एफएक्स-९७५० जी-थ्री, दोघांनाही चार ट्रिपल-ए सेल लागतात. चांगल्या अल्कलाइन सेलचा चौकडा दीडशे-दोनशेला मिळतो. रिमोटमधले उरलेले दोन आणि नवे दोन अशी भेसळ कधीही करू नये. जुने सेल आधी संपतात आणि मग गळतात. चार्ज होणारे निकेल सेल घालणार असाल, तर कॅसिओच्या सिस्टिम मेनूत बॅटरीचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरी किती उरली ते यंत्र चुकीचं सांगेल.

सेल बदलण्यापूर्वी आतले प्रोग्रॅम वाचवा. टीआय-८४ प्लसमध्ये चार मोठ्या सेलांखेरीज ३०३ क्रमांकाचा, म्हणजे एसआर४४ जातीचा, एक चांदीचा बटण-सेल असतो. मोठे सेल काढलेले असताना आतली स्मृती तोच सांभाळतो. तो आणि मोठे सेल एकाच वेळी काढले की रॅममधलं सगळं पुसलं जाण्याची भीती असते. जुन्या टीआय-८३ प्लसमध्ये त्याच्या जागी सीआर१६१६ किंवा सीआर१६२० असतो. घाटकोपर-बोरिवलीच्या घड्याळजीकडे हे सेल तीस ते शंभर रुपयांत मिळतात. एसआर४४ मागितल्यावर एलआर४४ हातात देतात, त्याकडे लक्ष ठेवा. मापाने दोन्ही सारखे असले तरी चांदीचा सेल शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा व्होल्टेज देतो, तर अल्कलाइनचा हळूहळू उतरत जातो.

मुंबईत सेल गळणं हे यंत्र मरण्याचं फार मोठं कारण आहे, आणि पावसाळ्यातली दमट हवा गंज आणखी पसरवते. झाकण उघडल्यावर स्प्रिंगवर पांढरी पूड दिसली तर घाबरू नका. अल्कलाइन सेलमधून निघालेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पांढरं पडलेलं असतं. हातमोजे घाला, कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पूड विरघळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दिवसभर वाळू द्या. अल्कोहोलची छोटी बाटली शंभर-दीडशेला पडते आणि वर्षभर पुरते. स्प्रिंगच कुरतडली गेली असेल, तर वीस रुपयांचा ट्रिपल-ए सेलचा प्लास्टिक होल्डर आणा आणि त्याची स्प्रिंग काढून बसवा. इथे डाग द्यावा लागतो. स्वतःला जमत नसेल तर स्प्रिंग आणि यंत्र दोन्ही घेऊन मोबाइलवाल्याकडे जा आणि ‘कॅल्क्युलेटर दुरुस्त करा’ असं न म्हणता ‘या दोन ठिकाणी सोल्डरिंग करून द्या’ म्हणा. शंभर-दोनशेत काम होतं. नेमकं काम सांगितलं तर नाही म्हणणारे फार थोडे.

बटणं अडकत असतील किंवा दोनदा उमटत असतील, तर आतली रबराची चटई आणि तिच्याखालचं सर्किट स्वच्छ करणं हाच उपाय. त्यासाठी यंत्र उघडावं लागतं. कॅसिओला साधे बारीक चौफुली स्क्रू असतात, टीआय-८४ला ताऱ्याच्या आकाराचे टॉर्क्सही असतात. दोन्ही प्रकारची टोकं असलेला संच दीडशे ते अडीचशेत मिळतो. रबराखालचे काळे ठिपके कार्बनचे असतात. ते हलक्या हाताने पुसा, घासलेत तर कार्बनच निघून जाईल. गंज काढायचा तेलकट स्प्रे आत मारू नका. रबर फुगतं आणि मग दुरुस्तीला वाव राहत नाही.

पडद्यावरच्या उभ्या रेघा गायब होणं ही टीआय-८३ प्लसची जुनी ओळखीची खोड. पडदा आणि सर्किट जोडणारी मऊ पट्टी उष्णतेने चिकटवलेली असते आणि वर्षांनी ती सुटू लागते. पट्टीच्या जोडावर बोटाने हलकं दाबून पाहा. रेघ परत आली तर दोष पट्टीतच आहे. जोडावर कागद ठेवून मंद गरम सोल्डरिंग आयर्न फिरवणारे हौशी लोक आहेत. पट्टी पुन्हा चिकटते किंवा जळते. एकुलत्या एका यंत्रावर हा प्रयोग करू नका. पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला असेल, तर काच फुटली आहे. त्याच मॉडेलचं दुसरं मेलेलं यंत्र मिळालं तरच त्याचा पडदा काढून लावता येतो.

टीआय-८४ प्लस सीईमध्ये मोबाइलसारखी लिथियम बॅटरी असते. ती फुगली, मागचं झाकण वर आलं, की चार्जिंग ताबडतोब बंद करा. बदली बॅटरीला हजार-दोन हजारांची तयारी ठेवा. नाव नसलेल्या स्वस्त बॅटरीच्या मोहात पडू नका. यंत्र नुसतं गोठलं असेल, तर सीईच्या पाठीमागे छोटं रिसेट बटण आहे. साध्या टीआय-८४ प्लसचा एक सेल काढा, ‘डिलीट’ दाबून धरा आणि सेल परत बसवा. मग केबलने त्यात कार्यप्रणाली नव्याने भरता येते. त्यासाठी लागणारी मिनी-यूएसबी केबल हल्ली मोबाइलच्या दुकानात सहसा नसते. जुन्या कॅमेऱ्याची घरात पडलेली असेल तर तीच चालते.

एकदा लॅमिंग्टन रोडची, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गाची, फेरी करावीच. ग्रँट रोडला फास्ट लोकल थांबत नाही, म्हणून अंधेरी-बोरिवलीकरांनी स्लो पकडावी नाहीतर मुंबई सेंट्रलला बदलावी. मुलुंड-घाटकोपरहून येणाऱ्यांना दादरला पश्चिम रेल्वेवर जावं लागतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. साधा मल्टिमीटर दोनशे-तीनशे, पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न अडीचशे-तीनशे, सोल्डरची तार, होल्डर, मिनी-यूएसबी केबल असं सगळं मिळून हजाराच्या आसपास जातं. नव्या यंत्राच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि ही अवजारं घरातल्या रेडिओपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला उपयोगी पडतात. अंधेरीत एकेकाळी मेकर्स असायलम होतं, अवजारं आणि सोबत दोन्ही तिथे मिळायचं. ते गोव्याला गेलं. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर ती आता वापरा.

हौसेचा सगळ्यात स्वस्त भाग सॉफ्टवेअरचा, आणि मला तो सर्वांत श्रीमंतही वाटतो. टीआय-८४ प्लसमध्ये झेड८० जातीचा प्रोसेसर आहे. असेंब्ली भाषा शिकायला याच्याइतकं सोपं, हातात मावणारं यंत्र विरळा. २००९ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने घरच्या संगणकावर काही महिने गणित चालवून टीआय-८३ प्लसची ५१२ बिटांची सही-किल्ली फोडली, आणि त्यामुळे स्वतःची कार्यप्रणाली यंत्रात घालणं शक्य झालं. कंपनीने कायदेशीर नोटिसा पाठवल्या, पण किल्ली पसरायची ती पसरलीच. पुढे २०२० मध्ये सीईच्या ५.५.१ आवृत्तीपासून कंपनीने असेंब्लीचे प्रोग्रॅम बंद केले. म्हणून वापरलेला सीई घेताना विक्रेत्याला आधी आवृत्ती विचारा. जुनी असेल तर अपडेट करू नका. कॅसिओवर खीकॅस हा मोफत प्रोग्रॅम घातला की एफएक्स-९७५० जी-थ्री अक्षरांतलं बीजगणितही सोडवतो. प्रोसेसरचा वेग वाढवणारे प्रोग्रॅमही आहेत, पण त्याने सेल लवकर संपतात.

वापरलेलं यंत्र घेताना सोबत नवे सेल न्या. झाकण उघडून स्प्रिंग पाहा, प्रत्येक बटण दाबा, पडदा पूर्ण काळा करून सुटलेल्या रेघा शोधा. नव्याच्या निम्म्याहून जास्त किंमत देऊ नका. पडद्यात दोष असेल तर सुट्या भागांपुरतेच पाचशे-सातशे द्या. वॉरंटीतलं यंत्र मात्र स्वतः उघडू नका. बिल शोधा आणि कंपनीकडे द्या.

आयबीची मुख्य परीक्षा मे महिन्यात असते. मार्च संपला की यंत्र उघडणं, कार्यप्रणाली बदलणं, जादा प्रोग्रॅम भरणं सगळं थांबवा. परीक्षेच्या मोडमध्ये यंत्र कसं जातं आणि कसं बाहेर येतं ते शिक्षकांसमोर एकदा करून घ्या. खीकॅससारखं काही भरलेलं असेल तर ते पूर्ण काढा, कारण अशी जादा सॉफ्टवेअर चालतील की नाही हे शाळा नव्हे, आयबीचे नियम ठरवतात. सेल नवे घाला आणि चार जादा सेल कंपासपेटीत ठेवा.