उसाला बेवड कशाचा? ताग-धैंचा आणि जमिनीची घडण



बेवड हा शब्द आपल्याला नवा नाही. भुईमुगाच्या बेवडावर गहू चांगला येतो, तुरीच्या बेवडावर ज्वारी जोमात असते, हे आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवले नव्हते. उसाच्या रानात मात्र बेवडाचा विचार आपण सोडून दिला आहे. लागण तुटली की खोडवा, खोडवा तुटला की निडवा, निडवा काढला की नांगरट आणि पुन्हा लागण. म्हणजे उसाला बेवड उसाचाच. वर्षानुवर्षे हे चालले, आणि आता गटात फिरताना एकच तक्रार ऐकू येते : "साहेब, खत तेवढंच, पाणी तेवढंच, बेणंही चांगलं, पण टन काही येत नाहीत."

या तक्रारीचे उत्तर नेहमी खताच्या पोत्यात सापडत नाही. बऱ्याच वेळा ते जमिनीच्या घडणीत असते. घडण बिघडली तर टाकलेले खत पिकाला पोचत नाही. ती सुधारण्याचा आपल्या आवाक्यातला उपाय म्हणजे हिरवळीचे खत आणि त्याच्या जोडीला पाचट. या लेखात त्याचा विचार करू.

१. जमिनीची घडण म्हणजे काय?

माती म्हणजे सुटे कण नव्हेत. चांगल्या रानातली माती मुठीत घेतली तर ती रवाळ लागते. बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे छोटे छोटे खडे बनलेले असतात. खड्याखड्यांमधल्या मोठ्या पोकळीतून हवा खेळते व जादा पाणी निचरते, आणि खड्याच्या आतल्या बारीक पोकळीत पाणी धरून राहते. असे रान पाणी दिल्यावर लवकर वापशावर येते.

हे कण चिकटवायला डिंकासारखा पदार्थ लागतो. तो मुळांच्या स्रावातून, जिवाणूंपासून आणि बुरशीच्या तंतूंपासून मिळतो. या सर्वांचे अन्न म्हणजे सेंद्रिय पदार्थ. अन्न बंद झाले की डिंक संपतो, खडे फुटतात, बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात. मग पाणी वरच्यावर पळते किंवा सरीत साचून राहते, आणि वाळल्यावर वर पापुद्रा धरतो. त्यात तोडणीच्या वेळी ओल्या रानात भरलेल्या ट्रॉल्या फिरल्या की खाली घट्ट थर बसतो. उसाचा जारवा त्या थरावरच अडतो आणि वरच्या वीतभर मातीत पसरतो.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. रानातले लिंबाएवढे ढेकूळ घ्या, सावलीत पूर्ण वाळवा आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात हलकेच सोडा. तसेच एक ढेकूळ बांधावरच्या, कधी न नांगरलेल्या गवताखालच्या जागेतून घ्या आणि दुसऱ्या पेल्यात सोडा. बांधावरचे ढेकूळ बराच वेळ टिकेल. रानातले पाच मिनिटांत फसफसून विरघळले आणि पाणी गढूळ झाले, तर घडण मोडली असे समजा. जमीन एकच, पाऊस एकच. फरक फक्त मुळांचा आणि सेंद्रिय पदार्थाचा.

२. ताग आणि धैंचा काय करतात?

हिरवळीचे खत म्हणजे फुकटचा युरिया, एवढाच समज आपल्याकडे आहे. तो अपुरा आहे. या पिकांची तीन कामे आहेत.

पहिले काम मुळांचे. तागाचे सोटमूळ सरळ खाली जाते. पीक गाडल्यावर मूळ कुजते आणि त्याची वाट मोकळी राहते. त्याच वाटेने पाणी, हवा आणि पुढे उसाची मुळे खाली उतरतात.

दुसरे काम सावलीचे. उघड्या रानावर वळवाचा थेंब आपटतो तेव्हा मातीचे खडे फुटतात. दाट ताग असेल तर थेंब पानावर पडतो. तणही दबते.

तिसरे काम अन्नाचे. कोवळा पाला जमिनीत कुजू लागला की जिवाणू व बुरशी वाढतात आणि वर सांगितलेला डिंक तयार होतो.

पाणथळ आणि क्षारपड रानात ताग टिकत नाही. तिथे धैंचा घ्यावा. धैंचा पाण्यात उभा राहतो आणि क्षारही सोसतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, पण ती पाण्यात सहजी विरघळत नाही. धैंच्याची मुळे श्वास घेतात आणि पाला कुजतो तेव्हा कर्बवायू निघतो. त्यामुळे चुनखडी थोडी थोडी विरघळते, त्यातले कॅल्शियम मोकळे होते आणि मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेते. चोपण रान सुटे होते ते असे. मात्र सुटलेले सोडियम बाहेर जायला निचरा हवा. चर नसेल तर एकटा धैंचा पुरा पडणार नाही. चोपण जास्त असेल तर माती परीक्षणानुसार जिप्समही द्यावे लागेल.

३. नत्राचा आणि कर्बाचा हिशेब

दाट आलेल्या तागापासून एकरी साधारण ६ ते ८ टन ओला पाला मिळतो. ओल्या तागात नत्र सुमारे ०.४ टक्के धरले, तर ८ टनांतून ३२ किलो नत्र रानात पडते. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी १६० किलो नत्राची आहे. तेव्हा तागातून आले ते पाचवा हिस्सा. तेही सगळे पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. म्हणून ताग गाडला म्हणून युरिया बंद, असे करू नका. किती कमी करायचा ते माती परीक्षण पाहूनच ठरवा.

आता कर्बाचे पाहा. ८ टन ओल्या तागात कोरडा भाग सुमारे १,६०० किलो आणि त्यातला कर्ब सुमारे ६४० किलो. एका एकरातली वरची वीतभर माती भरते जवळजवळ ९ लाख किलो. तिचा सेंद्रिय कर्ब ०.४० वरून ०.५० टक्क्यावर न्यायचा म्हटले तरी ९०० किलो कर्ब टिकून राहायला हवा. आणि गाडलेल्यापैकी बराचसा कर्ब कुजताना हवेत उडून जातो. म्हणजे एकदा ताग केला आणि जमीन सुधारली, असे होणार नाही. दर लागणीआधी बेवड आणि दर खोडव्यात पाचट, असे धरले तरच कार्डावरचा आकडा हळूहळू हलेल. पाणी मुरणे आणि वापसा येणे यांतला फरक मात्र कार्डाच्या आधी दिसू लागतो.

४. कधी पेरावे, कधी गाडावे?

सगळे यश गाडण्याच्या वेळेवर आहे. पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांनी, फुलकळी दिसू लागताच गाडावे. या वेळी खोड कोवळे असते, पाला भरपूर असतो आणि कुजायला दोन-तीन आठवडे पुरतात. "अजून थोडं वाढू दे, वजन वाढेल" म्हणून थांबलात तर खोड वाखासारखे चिवट होते. असे काड कुजवायला जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि लावलेला ऊस सुरुवातीला पिवळा पडतो.

हंगामाप्रमाणे वेळ अशी बसते :

आडसाली (लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट) : मे अखेर पाणी देऊन किंवा वळवाच्या ओलीवर पेरा. जुलैच्या मध्यावर गाडा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागण करा.

पूर्वहंगामी (लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर) : इथे वेळ भरपूर आहे. जून-जुलैत पेरा, ऑगस्टमध्ये गाडा.

सुरू (लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी) : खरिपाचे लवकर येणारे पीक निघाल्यावर सप्टेंबरात पेरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला गाडा.

बियाणे तागाचे एकरी २० ते २५ किलो आणि धैंच्याचे १६ ते २० किलो वापरा. पातळ पेरू नका. पातळ पिकाची खोडे जाड होतात. बियाण्याला रायझोबियम चोळा. महिन्याभराने एक रोप खोदून मुळावरची गाठ नखाने फोडून पाहा. आतून लालसर असेल तर नत्र बांधण्याचे काम चालू आहे असे समजा. गाडताना जमिनीत ओल हवी. कोरड्या रानात गाडलेला ताग तसाच वाळून राहतो.

ज्याचे रानच दोन एकर, त्याने दीड-दोन महिने रान कसे अडकवायचे, हा प्रश्न रास्त आहे. अशांनी पूर्वहंगामी उसाआधी मूग किंवा उडीद घ्यावा, शेंगा तोडून पाला गाडावा. बेवड थोडा हलका पडेल, पण हातात चार पैसे येतील. दुसरा मार्ग म्हणजे पट्टा पद्धत. अडीच-पाच किंवा तीन-सहा फुटांच्या जोडओळीत लागण करून मधल्या पट्ट्यात ताग पेरावा आणि ४५ दिवसांनी भरणीच्या वेळी तिथेच गाडावा. तो वेळेवर गाडला नाही तर ऊसच झाकून टाकतो, हे ध्यानात ठेवा.

५. वसईकडचा दाखला

हे शास्त्र फक्त उसापुरते नाही. वसई-विरारचा पट्टा पाहा. आज तो भाजी, फुले आणि नव्या वस्तीसाठी ओळखला जातो, पण १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसईच्या ऊस-केळीच्या बागायतीचे वर्णन आहे. पालघर, ठाणे आणि रायगडच्या भातखाचरांत आजही एक जुनी रीत दिसते. भात कापला की राहिलेल्या ओलीवर वाल टाकतात. भातासाठी चिखलणी करताना मातीची घडण मुद्दाम मोडलेली असते. वालाची मुळे त्या घट्ट बसलेल्या मातीत शिरतात, रान झाकून ठेवतात, नत्र बांधतात आणि घरात कडधान्यही येते. बेवडच हा.

त्याच पट्ट्यात दुसरी रीतही आहे, ती राब भाजण्याची. पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जाळायचे आणि त्या जागी भाताची रोपे करायची. रोप तणविरहित येते, पण त्यापायी किती सेंद्रिय पदार्थ धुरात जातो! डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातील भातासाठी मांडलेली चारसूत्री पद्धत नेमकी याच्या उलट दिशेने जाते. पिकाचे अवशेष जमिनीला परत द्यायचे आणि चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा हिरवा पाला गाडायचा, ही तिच्यातली पहिली दोन सूत्रे आहेत. गिरिपुष्प बांधावर येते, रान अडवत नाही. आपल्याकडेही बांध रिकामेच आहेत.

६. परदेशातील अनुभव

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यातही आपल्यासारखीच तक्रार होती. तिथे १९९३ पासून अनेक वर्षे उत्पादन घसरण्याचा अभ्यास झाला. कारणे निघाली तीन : उसावर ऊस, जड यंत्रांनी दबलेले रान आणि अति मशागत. उपाय ठरले ते असे : लागणीआधी सोयाबीनसारखे द्विदल पीक, यंत्रांच्या चाकांना ठरावीक वाट आणि पाचटाचे आच्छादन. ब्राझीलमध्येही जुना ऊस मोडून नवी लागण करण्याआधी तागाचे पीक घेण्याची पद्धत आहे.

अमेरिकेच्या मकापट्ट्यातला अनुभवही शिकण्यासारखा आहे. मक्याआधी राय हे गवतवर्गीय पीक घेतले तर माती वाहून जाणे थांबते, पण त्याचे काड कुजताना मक्याला सुरुवातीला नत्राची ओढ बसू शकते. द्विदल पीक घेतले तर मक्याला उलट नत्राची मदत होते. म्हणून चाऱ्याच्या मक्यानंतर उसाची लागण करणाऱ्यांनी मक्याला बेवड समजू नये. मका रान रिकामे करून जातो.

७. पाचट जाळू नका

एका एकराच्या खोडव्यात तीन ते चार टन पाचट पडते. त्यात एक टनाहून अधिक कर्ब असतो, म्हणजे वरच्या हिशेबातल्या तागाच्या जवळजवळ दुप्पट. बेवडासाठी दीड महिना रान अडवायचे आणि त्याच रानात तागाच्या दुप्पट कर्ब काडी ओढून उडवून द्यायचा, हा व्यवहार कोणता?

पाचटात कर्ब भरपूर पण नत्र अर्धा टक्काच असते. म्हणून ते नुसते टाकले तर कुजायला वेळ लागतो. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत टाकावे. पाचट एकाआड एक सरीत दाबून घ्यावे, मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. त्याखाली ओल टिकते, गांडुळे येतात आणि खुरपणीचा खर्च वाचतो.

तरी सर्व सभासदांना विनंती की, सगळे रान एकदम नको. येत्या लागणीआधी एक एकर ताग किंवा धैंचा करून पाहा, आणि शेजारी एक एकर नेहमीसारखे ठेवा. दोन्हींकडे वापसा किती दिवसांत येतो, पेल्यातले ढेकूळ किती टिकते आणि वजनकाट्यावर किती टन जातात, याची नोंद ठेवा. दोन्ही एकरांचे वजन काट्यावर वेगळे व्हावे म्हणून तोडणीआधी गटप्रमुखांना सांगा. बियाण्याची मागणी एप्रिलअखेर आपल्या गट ऑफिसात द्यावी. एका हंगामात फार मोठा फरक दिसेल असे मी सांगणार नाही. पण जी जमीन आपल्या मुलांच्या नावावर जायची आहे, ती घट्ट आणि उपाशी जावी की रवाळ आणि जिवंत जावी, हे आपल्याच हातात आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी