कोश कोठे थांबवावा?

घर बांधावयाचे ठरले म्हणजे गवंडी प्रथम दोरी ताणतो, चुन्याची फक्की टाकतो आणि पाया आखून घेतो. त्या पांढऱ्या रेषेच्या आत घर, बाहेर अंगण. ही रेषा एकदा पडली म्हणजे विटा किती लागतील, दिवस किती लागतील आणि पैसा किती लागेल, याचा अंदाज बांधता येतो. परंतु एखाद्या भाषेतील झाडून सारे शब्द एका ग्रंथात साठवावयाचे म्हटले, तर फक्की कोठे टाकावी? इंग्लंडातील काही विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात असे काम हाती घेतले, आणि या प्रश्नाने सत्तर वर्षे त्यांची पाठ सोडली नाही.

१८५७ साली मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये फायलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेने तिघांची एक समिती नेमली. समितीपुढील काम अगदी बेताचे होते. इंग्रजीच्या तत्कालीन कोशांतून जे शब्द राहून गेले असतील, ते वेचून काढावे आणि त्यांची एक पुरवणी छापावी, एवढेच.

समितीचे एक सभासद रिचर्ड ट्रेंच हे धर्मोपदेशक होते. त्यांनी सोसायटीपुढे निबंध वाचून दाखवून दिले की, जुन्या कोशांत केवळ शब्दच गळलेले नाहीत. शब्द भाषेत केव्हा आला, त्याचा अर्थ कसा पालटत गेला, याचाही त्यांत पत्ता लागत नाही. कोशकार हा भाषेचा इतिहासकार होय. एखादा शब्द त्याला आवडो वा न आवडो, त्याची नोंद त्याने केलीच पाहिजे, असे त्यांचे मत होते. विचार थोर होता. तो श्रोत्यांना पटला आणि पुढच्याच वर्षी पुरवणीचा बेत मागे पडून संपूर्ण नवा कोश रचावयाचे ठरले. ओसरी काढावयास निघालेल्या मंडळींनी वाड्याचा संकल्प सोडला; परंतु वाड्याला काय लागेल याचा हिशेब मात्र कोणी केला नाही.

पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवण्यासाठी चोपन्न खणांचे एक कपाट करवून घेतले. त्यात सुमारे एक लाख चिठ्ठ्या मावल्या असत्या. काम संपेपर्यंत जमलेल्या चिठ्ठ्यांची संख्या पन्नास लाखांवर गेली, हे लक्षात घेतले म्हणजे आरंभीचा अंदाज किती तोकडा होता ते कळते. कोलरिज १८६१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षीच वारले. त्यांच्यानंतर आलेले फर्निव्हॉल हे मोठे उत्साही गृहस्थ होते. त्यांनी अनेक स्वयंसेवकांना एकेक अक्षर वाटून दिले. पण कोणाकडे काय दिले आणि त्याचे पुढे काय झाले, याची नीट नोंद राहिली नाही. वीस वर्षे अशीच गेली.

१८७९ साली जेम्स मरे यांनी हे काम अंगावर घेतले. मरे हे स्कॉटलंडमधील एका खेड्यातील शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली होती. पुढची सारी विद्या त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने मिळवली आणि ते लंडनजवळील मिल हिल येथे शिक्षक झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेशी करार झाला. त्यात प्रथमच कामाचे माप ठरले : दहा वर्षे, चार खंड आणि सुमारे साडेसहा हजार पाने.

मरे यांनी शाळेच्या आवारात लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली आणि तीत एक हजार एकोणतीस खण बसवले. मग जुन्या चिठ्ठ्यांची पोती येऊ लागली. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात तर उंदरीण आपल्या पिलांसह सुखाने नांदत होती! 'एच' अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीतील फ्लॉरेन्स शहरी सापडल्या. काही चिठ्ठ्या आयर्लंडात चूल पेटवण्याच्या कामी आल्या होत्या. मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना आवाहन करून नवे वाचक मिळवले. प्रत्येक वाचकाने ग्रंथ वाचावा, लक्षणीय शब्द आढळताच तो चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहावा आणि खाली ग्रंथाचे नाव, साल, पृष्ठ व संपूर्ण वाक्य उतरून पाठवावे. चिठ्ठ्या अक्षरवार लावण्याच्या कामी मरे यांची अकरा मुलेही लागली. त्यांना त्याबद्दल थोडे खाऊचे पैसे मिळत.

आता फक्की टाकण्याचा प्रश्न आला. मरे यांचे म्हणणे असे की, भाषेच्या मध्यभागी सर्वांच्या तोंडी असलेले शब्द असतात, त्यांविषयी शंका नसते. परंतु मध्यापासून कोणत्याही दिशेने, शास्त्रांकडे, धंद्यांकडे, खेडवळ बोलींकडे किंवा परभाषांकडे चालत गेले, तर इंग्रजी कोठे संपली हे सांगता येत नाही. भाषा स्वतः रेषा दाखवीत नाही. कोशकाराला ती आखावी लागते. मरे यांनी ती आखली. इ. स. ११५० पूर्वीच लोपलेले शब्द घ्यावयाचे नाहीत. व्यक्तींची व स्थळांची नावे घ्यावयाची नाहीत, कारण ते काम ज्ञानकोशाचे. परकी शब्द मात्र इंग्रजीत रुळला असेल तर घ्यावा. म्हणूनच आपले मुंगूसही थोड्या बदललेल्या रूपात या कोशात पुढे दाखल झाले आणि तो शब्द मराठीतून आल्याची नोंद तेथे आहे.

नियम केला तरी अडचण संपत नाही. 'आफ्रिकन' हा शब्द आला तेव्हा, हा स्थळाच्या नावावरून झालेला शब्द म्हणून तो गाळण्यात आला. थोड्याच पानांनंतर 'अमेरिकन' शब्द आला. त्यापासून इतके शब्द निघाले होते की, तो वगळणे अशक्य झाले. एक बाहेर आणि एक आत, अशी विसंगती छापून गेली! वैद्यकातील 'अपेंडिसायटिस' हा आंत्रपुच्छाच्या दाहाचा शब्द तेव्हा अगदी नवा होता. जाणत्या वैद्याच्या सल्ल्यावरून तो केवळ शास्त्रीय म्हणून वगळला. पुढे १९०२ साली राजा सातवा एडवर्ड याला हाच विकार होऊन राज्याभिषेक लांबणीवर पडला आणि तो शब्द घरोघर झाला. पण तोवर 'ए' अक्षराची पाने छापून कैक वर्षे लोटली होती.

१८८४ साली कोशाचा पहिला हप्ता प्रसिद्ध झाला. पाने तीनशे बावन्न. करारातील दहा वर्षांपैकी पाच सरत आली होती, आणि कोश 'ए' पासून निघून 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोहोचला होता. मुंगीच्याच पावलांनी, असे मुद्रणसंस्थेच्या चालकांना वाटले असल्यास नवल नाही. त्याच सुमारास कुलगुरू बेंजामिन जोवेट यांनी सूचना केल्या की, शास्त्रीय व ग्राम्य शब्द कमी घ्यावे आणि वर्तमानपत्रांतील वाक्ये न घेता नामांकित लेखकांची घ्यावी. मरे यांनी त्यांस ठाम विरोध केला. वर्तमानपत्रात शब्द आधी येतो, ग्रंथात मागाहून. तो मार्ग बंद केला तर शब्दाचा इतिहास कसा मिळावा? (याच जोवेट यांचे नाव पुढे मरे यांनी आपल्या एका मुलाला दिले, हे दोघांच्याही मोठेपणाला शोभणारे होय.)

पृष्ठसंख्येचा वाद मात्र वर्षानुवर्षे चालला. वेब्स्टरच्या अमेरिकन कोशाचे एक पान म्हणजे नव्या कोशाची सहा पाने, असे प्रमाण धरले होते; ते सारखे मोडू लागले. १८९६ साली चालकांनी फारच आग्रह धरला, तेव्हा मरे राजीनामा देण्यापर्यंत आले. त्यात चालकांनाच दोष देणे न्यायाचे होणार नाही. दर पानाबरोबर खर्च वाढत होता आणि विक्री बेताची होती. मरे हेही शब्दांच्या मोहात पडून वाहवत जाणारे नव्हते. ओळ न् ओळ कापून ते नोंदी आटोपशीर करीत. पण जो शब्द रेषेच्या आत येतो त्याला त्याची जागा दिली पाहिजे, यावर ते अडून राहिले. अखेरीस सहाऐवजी आठ पानांचे प्रमाण चालकांना पत्करावे लागले. कामाला वेग यावा म्हणून हेन्री ब्रॅडली आणि त्यानंतर आणखी दोघे संपादक स्वतंत्र अक्षरांवर नेमण्यात आले.

मरे १८८५ साली ऑक्सफर्डला राहावयास गेले होते. तेथे अंगणात नवी खोली उभारून त्यांनी आणखी तीस वर्षे काम केले. १९१५ च्या जुलै महिन्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, 'टी' अक्षर चालू असता ते वारले. जवळजवळ अर्धा कोश त्यांच्या एकट्याच्या हातचा होता. १९२८ साली तो पुरा झाला, तेव्हा चार खंडांचे दहा खंड, साडेसहा हजार पानांची पंधरा हजार चारशे नव्वद पाने आणि दहा वर्षांची एकोणपन्नास वर्षे झाली होती. त्यात चार लाख चौदा हजारांहून अधिक शब्द आहेत.

आणि तरीही काही राहिलेच. दासी या अर्थाच्या 'बाँडमेड' या जुन्या शब्दाची चिठ्ठी छपाईच्या वेळी हरवल्यामुळे तो कोशात आला नव्हता. 'अपेंडिसायटिस' बाहेरच उभा होता. अशा शब्दांना आत घेण्यासाठी संपादकांनी आणखी एक खंड तयार केला आणि १९३३ साली, सोसायटीच्या त्या पहिल्या समितीनंतर शहात्तर वर्षांनी, पुरवणी प्रसिद्ध झाली.