हरकत नोंदवायला जा गं

नगरपालिकेचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झालाय हे तूच मला फोनवर सांगितलंस, आणि लगेच म्हणालीस, ‘आपली कुठे जमीन जातेय ताई, आपल्याला काय त्याचं?’ ते काही मला पटलं नाही बघ.

ज्याची जमीन जाते त्याला आपोआप जाग येते. त्याचा वकील धावतो, ओळखीचा पुढारी धावतो. पण जी भाड्याच्या घरात राहते, पोरीला शाळेत सोडून तशीच कामावर पळते, तिच्या वतीने कोण धावणार? पुढच्या वीस वर्षांत शाळा कुठे होणार, भाजीबाजार कुठे बसणार, मैदान मैदानच राहणार की नाही, हे त्या नकाशावर ठरतंय. तोवर तुझी लेक कॉलेज संपवून कामालासुद्धा लागलेली असेल.

आणि कायद्याने तुला जागा दिलीय. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आहे ना, त्यानुसार नगरपालिकेने आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करायचा, मग आज कुठल्या जमिनीवर काय उभं आहे त्याचा नकाशा करायचा आणि त्यावरून प्रारूप मांडायचं. सूचना राजपत्रात आली की हरकतींसाठी ३० दिवस. हरकत कुणीही घेऊ शकतं, सातबारा नावावर असावा लागत नाही.

हे ३० दिवस भुर्रकन जातात. म्हणून या आठवड्यातच नगरपालिकेत जाऊन नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पिवळा रंग म्हणजे राहण्याची वस्ती. तुमच्या गल्लीचा गट नंबर शोध, आरक्षणांचे, म्हणजे शाळा-मैदानांसाठी राखून ठेवलेल्या जागांचे, क्रमांक सूचीशी ताडून बघ. सोबत आजच्या जमीन वापराचा नकाशाही माग. घोळ बहुतेक तिथेच होतो. तिथे अंगणवाडीची जागा मोकळी दिसली, तर प्रारूपात तिच्यावरून रस्ता गेलेला दिसायचा!

मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात असंच झालं. उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तू गायब. ६५ हजारांच्या आसपास हरकती-सूचना गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा नव्याने करायला लावला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती बायकांची चिकाटी. महिला संघटना चुका दाखवून थांबल्या नाहीत, नकाशावर जे नव्हतंच तेही त्यांनी मागितलं. त्या आराखड्यात नोकरदार महिलांसाठी निवासाच्या, आधार केंद्रांच्या जागा आल्या, त्यामागे ही मागणी होती. तेव्हा तूही नुसती हरकत घेऊन येऊ नकोस. बाजाराजवळ स्वच्छतागृह, पाळणाघर, एसटी स्टँडपासून वस्तीपर्यंत धड पायवाट, जे हवं ते सूचना म्हणून लिही.

लिहिताना ‘आमच्या भागावर अन्याय झाला आहे’ असलं काही नको. त्याचं कुणी काही करू शकत नाही. असं लिही: ‘गट नंबर अमुक, आरक्षण क्रमांक अमुक, प्राथमिक शाळा. या जागेत ओढ्याचं पाणी शिरतं, पावसाळ्यात गुडघाभर असतं. शाळा पलीकडच्या नगरपालिकेच्या मोकळ्या जागेवर घ्यावी.’ पावसातला एखादा फोटो जोड. झेरॉक्स काढून सगळ्यांनी एकच मजकूर देण्यापेक्षा प्रत्येकीने आपल्याला जे दिसतं ते लिहिलेलं बरं. अर्ज दोन प्रतींत ने, एकीवर आवक-जावकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नकोस.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही. अर्जाच्या शेवटी ‘मला समक्ष सुनावणी मिळावी’ हे वाक्य हवंच. कायदा सुनावणी देतो ती ज्यांनी मागितलीय त्यांना. सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात नगरपालिकेचे सदस्य असतात, तसे नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकारही असतात. तिथे तुला दोन-चार मिनिटंच मिळाली, तरी नकाशावर बोट ठेवून बोल. घाबरू नकोस गं, त्या ओढ्याचं पाणी तू दरवर्षी बघतेस, त्यांनी ते बघितलेलं नसेल. पुढे आराखडा मंजुरीला शासनाकडे जातो. तिथे मोठे फेरबदल सुचवले गेले तर त्यांवरही पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, तेव्हा वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचत जा.

नकाशावर मैदान आलं म्हणजे मैदान झालं असं मात्र समजू नकोस. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांतही संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मग तिथे टॉवर उभा राहिला तरी कुणाला बोलता येत नाही. म्हणून दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी चारचौघी मिळून नगरसेवकाकडे जा आणि विचारा, आमच्या मैदानाच्या भूसंपादनासाठी यंदा किती रक्कम ठेवलीत?