टॉमकॅटच्या ओसरीवर

मी मूळचा भालकीकडचा. घरी मराठी, बाजारात कन्नड. २०१८ साली कलबुर्गीतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या लॅबचे सर्व्हर माझ्याकडे होते. लॅबभर मुलं मेव्हनने जावाचे बिल्ड चालवायला बसली की प्रत्येक मशीन त्याच त्या जार फायली नेटवरून ओढायचं आणि लाइन आडवी पडायची. म्हणून आर्काइव्हा हे रिपॉझिटरी सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं. एकाने ओढलेली फाइल पुढच्यांना लॅबमधूनच मिळते.

हजेरीच्या ॲप्लिकेशनसाठी टॉमकॅट सर्व्हर चालूच होता. म्हटलं, वेगळा संसार कशाला? आर्काइव्हाची वॉर फाइल त्यातच टाकली. पण वापरकर्त्यांच्या डेटाबेसची जोडणी कॉन्टेक्स्ट फायलीत लिहा, डर्बीची जार टॉमकॅटच्या लिबमध्ये ठेवा, मेलची जार हुडका, यात दोन दिवस गेले. शिवाय 'अ‍ॅपसर्व्हर बेस', म्हणजे डेटा ठेवायचं फोल्डर, कुठे, हेही सांगावं लागतं. मी टॉमकॅटचंच फोल्डर देऊन मोकळा झालो.

सेमिस्टरच्या शेवटी सगळ्यांचे बिल्ड एकदम चालले. टॉमकॅटची मेमरी एकच. ती संपली आणि आर्काइव्हासोबत हजेरीही झोपली. ते निभावलं. उन्हाळ्यात टॉमकॅटची नवी आवृत्ती टाकली, हजेरी हलवली, तपासली आणि जुनं फोल्डर पुसून टाकलं. रिपॉझिटरी, इंडेक्स, वापरकर्ते, सगळं त्याच पोटात होतं. मेव्हन सेंट्रलच्या फायली पुन्हा येतात हो. मुलांनी स्वतः बनवलेल्या जार कुठून येणार? पेनड्राइव्ह गोळा करून जेमतेम निम्म्या सापडल्या.

त्यानंतर आर्काइव्हा स्वतंत्रच चालवलं, त्याच्या सोबत येणाऱ्या जेटी सर्व्हरवर. टॉमकॅट आणि जेटी दोघांनाही ८०८० पोर्ट हवा असतो, म्हणून जेटीचा बदलला. 'आर्काइव्हा बेस' हे व्हेरिएबल देऊन डेटा दुसऱ्या डिस्कवर नेला, आणि वीज जाऊन आली की आपोआप उठावं म्हणून सिस्टमडीची सर्व्हिस केली. दुसऱ्या जेव्हीएमची मेमरी वेगळी लागते. ४ जीबीच्या मशीनवर ते जाणवतं. टॉमकॅट सांभाळणारा, त्याचे बॅकअप नेमाने घेणारा माणूस तुमच्याकडे असेल तर वॉर वाईट नाही. आमच्याकडे तो माणूस मीच होतो, म्हणजे कुणी नव्हतं! एक मात्र बघा: टॉमकॅट १० पासून जावाएक्स पॅकेजांची नावं जाकार्ता झाली, जुनी वॉर तिथे जशीच्या तशी उठत नाही.

नव्याने बसवणाऱ्याने आर्काइव्हा घेऊच नये. २०२४ मध्ये अपाचीने तो प्रकल्प बंद केला. त्याऐवजी नेक्सस ३ घ्यावा; तो स्वतःची जेटी घेऊनच येतो, त्यामुळे टॉमकॅटमध्ये टाकायचा मोह उरत नाही. त्याची 'सोनाटाइप-वर्क' डिरेक्टरी प्रोग्रामपासून वेगळी असते, तरी ती नेमकी कुठल्या डिस्कवर आहे ते आधी बघा. आणि जुनं फोल्डर मी आता पुसत नाही. नाव बदलून एक सेमिस्टर तसंच ठेवतो.