हरूनही पदक कसं?

प्रश्न : २०१६च्या रिओ ऑलिंपिकचे जुने निकाल चाळताना पोर्तुगालच्या तेल्मा मोंतेइरोचं नाव दिसलं. ज्युदोत ती उपांत्यपूर्व फेरीत हरली आणि तरी तिला ब्राँझ मिळालं! शिवाय त्याच वजनगटात दोन ब्राँझ दिली होती. हे कसं?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : निकाल बरोबर आहे. ज्युदोत उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघींना आणखी एक संधी मिळते. तिचं नाव रेपेचाज. चौघींच्या दोन लढती होतात. त्यांतल्या विजेत्या दोघी, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींशी एकेक लढत खेळतात, आणि दोन्ही लढतींना स्वतंत्र ब्राँझ असतं. इप्पोन, म्हणजे पूर्ण गुणाचा डाव, पडला की लढत तिथेच संपते, मग दहाच सेकंद का झाले असेनात. अशा खेळात एका चुकीपायी चांगला खेळाडू थेट घरी जाऊ नये, एवढी ही सोय.

रिओत ५७ किलो गटात मोंतेइरोला मंगोलियाच्या सुमिया दोर्जसुरेननं हरवलं. मग रेपेचाज जिंकून तिनं ब्राँझच्या लढतीत रुमानियाच्या कोरिना कॅप्रिओरियूला नमवलं. कॅप्रिओरियू म्हणजे २०१२च्या लंडन ऑलिंपिकची रौप्यविजेती, त्यामुळे या पदकाला कुणी फुकटचं म्हणू नये. त्या ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालच्या सबंध पथकाला मिळालेलं हे एकमेव पदक.

आपल्याकडे हा शब्द कुस्तीमुळे कानावर आहे. त्याच रिओत साक्षी मलिकचं ब्राँझ याच वाटेनं आलं. फरक इतकाच, की कुस्तीत तुम्हाला हरवणारी पुढे अंतिम फेरीत पोचली, तरच दार उघडतं. साक्षीला तशी वाट पाहावी लागली होती. ज्युदोत उपांत्यपूर्व फेरी गाठली की संधी पक्की.

मात्र तिथवर पोचायला हवं. २०१२ला लंडनमध्ये मोंतेइरो पदकाची मोठी दावेदार होती. पहिल्याच लढतीत अमेरिकेच्या मार्टी मॅलॉयनं तिला हरवलं आणि खेळ खलास. लंडनमध्ये एक पराभव, रिओतही एकच, पण पहिला फार लवकर झाला. मॅलॉयला पुढे ब्राँझ मिळालं, याचा मोंतेइरोला काही उपयोग नव्हता.

जागतिक स्पर्धेत तर तिचं नशीब अधिकच विचित्र. २००७, २००९, २०१० आणि २०१४ अशा चार वेळा ती अंतिम फेरीत गेली आणि चारही वेळा हरली. पहिलं रौप्य ५२ किलोतलं, बाकीची तीन ५७ किलोतली. २०१०च्या अंतिम लढतीत समोर जपानची काओरी मात्सुमोतो होती, आणि तीही टोकियोत! अंतिम फेरीतल्या पराभवाला रेपेचाज नसतो. युरोपीय स्पर्धेत मात्र तिनं सहा सुवर्णपदकं मिळवली. पहिलं २००६चं, शेवटचं २०२१मध्ये लिस्बनला, घरच्या प्रेक्षकांपुढे, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. माझ्या मते तिची कारकीर्द मोजायची तर ही पंधरा वर्षांची मजल आधी मोजावी, ऑलिंपिकचं ब्राँझ नंतर.

शकुन-अपशकुन मानणाऱ्यांसाठी एक गंमत : ऑलिंपिकच्या उद्घाटनाला पोर्तुगालचा ध्वज तिनं लंडनमध्ये घेतला आणि पुढे टोकियो ऑलिंपिकमध्येही. दोन्हीकडे ती लवकर बाद झाली. रिओत ध्वज नौकानयनपटू जुआंव रोद्रिगेशच्या हाती होता.