समोरची काच वारंवार तडकते? आधी कारण शोधा, मग काच बदला

कोल्हापूरचा निम्माअधिक व्यापार चाकांवर चालतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतील कास्टिंग असो, मार्केट यार्डातील गूळ असो की घाट उतरून कोकणात जाणारा भाजीपाला असो, तो वाहून नेणाऱ्या टेम्पो, ट्रक आणि जीपगाड्यांवर शेकडो घरांची चूल पेटते. आमच्या वाचकांतही गाडीमालक, चालक आणि गॅरेजवाले बरेच आहेत. या मंडळींची एक नेहमीची तक्रार असते : समोरची काच बदलली, पण चार-सहा महिन्यांत पुन्हा तडा गेला. काचेचे पैसे जातात, शिवाय गाडी उभी राहिल्याने खेपही बुडते. अशा वेळी बहुतेक जण काचेला किंवा नशिबाला दोष देतात. आमचे म्हणणे असे की, एकाच गाडीची काच दोनदा तडकली तर तिसरी काच विकत घेण्यापूर्वी पहिल्या दोन का गेल्या हे शोधले पाहिजे.

काचेची रचना

समोरची काच एकसंध नसते. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबून ती तयार होते. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेडिक्टस याने या काचेचे पेटंट १९०९ मध्ये घेतले. अशी काच फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात, चालकाच्या डोळ्यांत उडत नाहीत. दारांची व मागची काच बहुधा टफन असते. ती फुटल्यास तिचा बारीक चुरा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरची काच लॅमिनेटेडच लागते आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

तडा काय सांगतो?

तडा कोठून सुरू झाला ते नीट पाहा. बाहेरच्या बाजूने बॉलपेनचे टोक तड्यावरून हलकेच फिरवा. कोठे खड्डा किंवा टवका लागला तर दगड लागला आहे असे समजावे. तडा काचेच्या कडेपासून निघाला असेल आणि खड्डा कोठेच नसेल, तर काचेवर कोठून तरी ताण येत आहे. पहिल्या प्रकारात गाडी चालवण्याची पद्धत सुधारावी लागते, दुसऱ्यात गाडीची चौकट.

दगडाचा मार

पुणे-बंगळूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ४ आणि आताचा ४८, तसेच घाटांचे रस्ते येथे रुंदीकरण, डागडुजी आणि खडीचे डंपर हे नित्याचे आहे. पुढच्या चाकातून उडालेल्या खड्याचा मार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० च्या वेगाने खडा आदळला तर वेग दीडपट, पण मार सव्वादोन पट होतो. म्हणून खडीच्या रस्त्यावर वेग कमी करावा, ताडपत्री नसलेल्या डंपरच्या मागे चिकटून चालू नये आणि ओलांडताना त्याच्या शेजारी रेंगाळू नये.

लहान टवका दुर्लक्षित ठेवू नये. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले किंवा एसीचा झोत सोडला की तोच टवका लांब तडा होतो. टवका रुपयाच्या नाण्याहून लहान असेल, कडेपासून दूर असेल आणि चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल, तर त्यात राळ भरून अतिनील प्रकाशाने ती घट्ट करता येते. याचा खर्च नव्या काचेपेक्षा पुष्कळ कमी येतो. कारागिराकडे जाईपर्यंत टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. धूळ-पाणी आत गेले की भरणी नीट बसत नाही.

चौकटीचा दोष

कडेने तडकणाऱ्या काचेची कारणे बहुधा तीन असतात. एक, चौकटीला गंज चढतो, फुगतो आणि काचेला एका जागी दाबतो. कोल्हापूरच्या पावसात, विशेषतः कोकणात जाणाऱ्या गाड्यांना, हा धोका अधिक. दोन, अपघातानंतर बॉडी ठोकून सरळ केलेली असते, पण चौकट किंचित वाकडीच राहते. तीन, केबिनखालची रबरे झिजतात. घाटात भरलेली गाडी वळताना केबिन पिळवटते आणि तो पीळ काचेवर येतो.

म्हणून जुनी काच काढल्यावर चौकट उघडी करून पाहावी. गंज घासून काढावा, प्रायमर मारावा. चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. त्यांत फरक आढळल्यास आधी पत्र्याचे काम करून घ्यावे. नवी काच प्रथम कोरडीच बसवून चारही बाजूंना फट सारखी येते का ते पाहावे. एवढे पाहायला अर्धा तास लागतो आणि त्यात पुढची काच वाचते.

नवी काच घेताना

काचेच्या कोपऱ्यातील छाप वाचावा. उत्पादकाचे नाव, आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक त्यावर असावा. परवाना खरा की खोटा हे बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर तपासता येते. काचेतून विजेच्या खांबाकडे पाहत डोके हलवा. खांब लहरताना दिसला तर ती काच घेऊ नका, रात्री समोरच्या दिव्यांनी त्रास होईल. भंगारातील काच स्वस्त मिळते, पण काढताना तिच्या कडेला ओरखडे पडलेले असतात आणि तडा तेथूनच सुरू होतो. कडा दुधाळ झाली असेल तर आतील पापुद्रा सुटू लागला आहे. नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च आधीच विचारावा.

जुन्या ट्रकची काच रबरात बसते. ते रबर कडक झाले असेल तर तेही बदलावे. नव्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनने चिकटवतात. तेथे साधे सिलिकॉन चालत नाही. अपघातात पुढच्या प्रवाशाची एअरबॅग याच काचेचा आधार घेऊन फुगते. नळीवरील मुदत पाहावी, ती सुकण्यास कंपनीने सांगितलेला वेळ द्यावा. पहिला दिवस दारे आपटू नयेत, प्रेशरने गाडी धुऊ नये.

विम्याचा हिशेब

केवळ थर्ड पार्टी विम्यात काच येत नाही. सर्वसमावेशक विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत. रबर व प्लॅस्टिकवर निम्मी रक्कम कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस सक्तीची कपात १००० रुपये आहे. पण दावा केला की नो क्लेम बोनस जातो. समजा, स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १२,००० आणि बोनस ५० टक्के आहे. काच ७००० ची असेल तर कंपनीकडून सुमारे ६००० मिळतील. मात्र पुढच्या वर्षी ६००० आणि त्यानंतरच्या वर्षी, बोनस २० टक्क्यांपासून पुन्हा सुरू होत असल्याने, ३६०० रुपये जादा भरावे लागतील. सहा हजारांसाठी ९६०० गेले. बोनस संरक्षणाची जोड नसेल तर असा दावा तोट्याचा ठरतो.

काच बसवणाऱ्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. बिलावर काचेची कंपनी, परवाना क्रमांक आणि चौकटीची स्थिती लिहून द्यावी. गंज दिसला तर ग्राहकाला बोलावून दाखवावा, काचेखाली झाकू नये. आज एक काच कमी विकली जाईल, पण तोच ग्राहक दुसऱ्या दहा जणांना तुमच्या दारात आणील.